'जॉन स्मिथ' नावाचा नागपूरकर शिपाई

गेल्या वर्षावासात शहादा तालुक्यातील एका विहारात आमचा पाली वाचनवर्ग चालू होता. संयुत्तनिकायातील गामणि-संयुत्त वाचनास घेतले होते. त्यात योधाजीव नावाचा एक गामणी तथागतांकडे येतो. योधाजीव म्हणजे युद्धावर उपजीविका करणारा. तो विचारतो, आमचे जुने आचार्य सांगत आले आहेत की रणांगणावर शर्थीने लढता लढता जो मारला जातो तो देवलोकी जन्मतो. यावर भगवंतांचे काय म्हणणे आहे? तथागत दोनदा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ते स्पष्ट सांगतात की 'समोरचे मरोत, नष्ट होवोत' अशा विचाराने ज्याचे चित्त आधीच हीन झाले आहे, त्याला असा देवलोक मिळत नाही. हे ऐकून गामणी रडू लागतो. त्याच्या रडण्याचे कारण मोठे मार्मिक आहे. उत्तर कठोर होते म्हणून तो रडत नाही, तर इतका दीर्घकाळ आचार्यांनी आपल्याला फसविले म्हणून रडतो.

वर्गात महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ नियमाने येत. त्या दिवशी वाचन संपल्यावर ते म्हणाले, "सर, गामणीला स्वर्गाचे सांगितले, ते समजले. पण तो लढत होता कोणासाठी, हे त्याला कधी कोणी विचारले होते का? आणि त्याने नाही म्हटले असते, तर चालले असते का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात आहे. सीमेवर गडबड झाली तेव्हा राजा बिंबिसाराचे काही योद्धे लढाईस न जाता भिक्खू झाले. राजाने तक्रार केली आणि त्यानंतर राजाच्या नोकरीत असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. म्हणजे शिपायाचे शरीर आणि त्याचा काळ राजाच्या मालकीचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

आमच्या भागातील पायदळी शिपायांचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न किती खरा आहे ते ध्यानात येते. इ.स. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभारली. सातपुड्यातील भिल्लांना गणवेश देऊन सातपुड्यातील भिल्लांचाच बंदोबस्त करावयाचा, हे त्या पलटणीचे मुख्य प्रयोजन होते. सेंधव्याच्या घाटावर सरकारी पहाऱ्याची चाकरी केलेला खाजा नाईक १८५७ साली त्याच सरकारवर उलटला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पूर्वास्पृश्य समाजापुरते बोलावयाचे तर कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या शिपायांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे आजही वाचता येतात. पुढे त्याच समाजाच्या तरुणांना सैन्यभरतीची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली गेली. गरजेला बोलवावे आणि गरज सरली की घरी पाठवावे, हा तो व्यवहार होता. कोणाविरुद्ध लढावयाचे हे शिपायाला विचारले गेले असल्याचे एकही उदाहरण या सबंध इतिहासात आम्हांस आढळत नाही.

दुसरीकडे, नंदुरबारच्या माणिक चौकात उभे राहिले की ९ सप्टेंबर १९४२ चा दिवस आठवतो. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात पडले. ही शाळकरी वयाची मुले होती, त्यांच्या हाती झेंडा होता आणि शस्त्र नव्हते. त्यांनी आपला पक्ष स्वतः निवडला होता. तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक, शस्त्र आहे पण निवड नाही असा शिपाई. दुसरे, निवड आहे पण शस्त्र नाही असा सत्याग्रही. शस्त्रही हाती घेतले आणि पक्षही स्वतः निवडला, तोही स्वतःच्या देशापासून हजारो कोस दूर परक्या भूमीवर, असा पायदळी शिपाई मराठी माणसांत कोणी झाला काय? असा एक झाला. त्याचे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. बाळाजी हुद्दार म्हणूनही ते ओळखले जात. ज्या सैन्यात ते लढले त्या सैन्याच्या दप्तरी मात्र त्यांचे नाव 'जॉन स्मिथ' असे होते.

ज्या देशात ते लढले त्या स्पेनचे नाव त्यांच्या कितीतरी आधी खानदेशात घेतले गेले होते, हे येथेच नमूद केले पाहिजे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यातील साध्या साहित्याने मंडप सजविला होता. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे आणि फैजपूर पूर्व खानदेशात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी तेथील भाषणात स्पेनमध्ये चाललेल्या संघर्षाचा उल्लेख करून फॅसिझमविरुद्धचा तो लढा आणि हिंदुस्थानचा स्वातंत्र्यलढा यांचा परस्परसंबंध जोडून दाखविला. कापूस आणि केळीच्या मुलखात जमलेल्या शेतकऱ्यांना हे कितपत उमगले असेल ते असो. पण जगातील एका कोपऱ्यातील अन्याय हा दुसऱ्या कोपऱ्यातील माणसाचा प्रश्न आहे, हा विचार आपल्या मातीत तेव्हा उच्चारला गेला.

हुद्दार यांचा जन्म १९०२ चा. त्यांची वाढ आणि सार्वजनिक जीवन नागपूरचे. १९२५ साली डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी नागपूरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या निकटच्या तरुणांत हुद्दार होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये संघाच्या प्रमुखांची जी बैठक झाली, तीत डॉ. हेडगेवार सरसंघचालक, मार्तंडराव जोग सरसेनापती आणि बाळाजी हुद्दार सरकार्यवाह ठरले. म्हणजे त्या संघटनेचे पहिले सरकार्यवाह हुद्दार होत. पुढे १९३१ च्या बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना कारावासाची शिक्षा झाली. सुटल्यानंतर वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले. येथपर्यंतचे चरित्र त्या पिढीतील अनेक जहाल तरुणांसारखेच आहे. वेगळे वळण लंडनमध्ये लागते.

१९३६ च्या जुलैमध्ये स्पेनमधील सेनाधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड पुकारले. त्यांचा नेता पुढे जनरल फ्रँको झाला. जर्मनी आणि इटलीने त्याला विमाने, रणगाडे आणि सैनिक दिले. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मात्र 'हस्तक्षेप न करण्याचा' करार पुढे केला. त्या करारावर जर्मनी आणि इटलीच्याही सह्या होत्या, आणि तो पाळला केवळ प्रजासत्ताकाला शस्त्रे नाकारण्यापुरता गेला. अशा स्थितीत पन्नासांहून अधिक देशांतील सुमारे पस्तीस हजार स्वयंसेवक प्रजासत्ताकाच्या बाजूने लढावयास गेले. त्यांच्या पथकांना आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणतात. ब्रिटनमधून गेलेल्यांची संख्या सुमारे अडीच हजार भरते आणि त्यांपैकी पाचशेहून अधिक परत आले नाहीत.

फ्रँकोच्या सैन्यातही एक वसाहतीचा शिपाई होता, हे आपल्या वाचकांनी विसरू नये. मोरोक्कोतील मुसलमान शिपायांच्या पलटणी जर्मन आणि इटालियन विमानांतून समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आणल्या गेल्या. ज्या सत्तेने त्यांचा देश बळकावला होता, तिच्याच सेनापतीसाठी ते शिपाई एका निवडलेल्या सरकारविरुद्ध लढले. खानदेश भिल्ल पलटणीची कहाणी येथे भूमध्य समुद्राच्या काठी पुन्हा घडताना दिसते. प्रजासत्ताकानेही मोरोक्कोला स्वातंत्र्य देण्याचे धैर्य दाखविले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तसे झाले असते तर त्या शिपायांपैकी काहींनी तरी बंदुका खाली ठेवल्या असत्या असे आम्हांस वाटते.

ब्रिटिश स्वयंसेवकांच्या पलटणीला अधिकृतपणे 'सकलातवाला पलटण' असे नाव देण्यात आले होते. शापूरजी सकलातवाला हे मुंबईत जन्मलेले पारशी. लंडनच्या उत्तर बॅटर्सी मतदारसंघातून ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले आणि १९३६ च्या आरंभी वारले. हे नाव बोलण्यात रूढ झाले नाही. लोक नुसते 'ब्रिटिश पलटण' म्हणत. तरीही एका मुंबईकराच्या नावाच्या पलटणीत एक नागपूरकर शिपाई म्हणून दाखल झाला, ही गोष्ट गंमतीची खरी. याच पलटणीला डिसेंबर १९३७ मध्ये मजूर पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली यांनी भेट दिली आणि तिच्या पहिल्या कंपनीला त्यांचे नाव मिळाले. दहा वर्षांनंतर त्याच ॲटलींच्या पंतप्रधानकाळात हिंदुस्थान स्वतंत्र झाला.

स्पेनला जाणे सोपे नव्हते. १९३७ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने १८७० च्या एका कायद्याचा आधार घेऊन परकीय सैन्यात भरती होणे गुन्हा असल्याचे जाहीर केले. म्हणून स्वयंसेवक शनिवार-रविवारच्या सहलीचे तिकीट काढून पॅरिसला जात. त्या तिकिटाला पासपोर्ट लागत नसे. पॅरिसहून आगगाडीने दक्षिणेस आणि तेथून रात्रीच्या अंधारात वाटाड्याच्या मागे पिरिनीज पर्वत चढून पलीकडे उतरावयाचे, असा मार्ग होता. आवाज होऊ नये म्हणून पायांत दोरीच्या तळव्याच्या कापडी चपला घालीत. बोलणे नाही, विडी नाही. पहाटे पलीकडच्या उतारावर पाऊल पडले म्हणजे स्पेन. तेथून आल्बासेतेजवळच्या खेड्यांत काही आठवड्यांचे शिक्षण होई. ते पुरेसे नसे, कारण बंदुका कमी आणि सरावाला गोळ्या त्याहून कमी. १९३७ च्या फेब्रुवारीत हारामा नदीकाठी ही पलटण प्रथम लढली तेव्हा मशीनगनच्या पट्ट्यांत चुकीच्या मापाच्या गोळ्या भरल्या गेल्याचे ऐन लढाईत लक्षात आले. सुमारे सहाशे जण पुढे गेले होते आणि तीन दिवसांनी निम्मेही उभे नव्हते.

हुद्दार १९३७ च्या उत्तरार्धात या पलटणीत दाखल झाले, आणि दाखल होताना त्यांनी 'जॉन स्मिथ' हे नाव घेतले. या नावाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते. इंग्रजीत जॉन स्मिथ म्हणजे कोणीही. आपल्याकडे कोणी 'गणपत शिंदे' असे नाव सांगावे तसे. ब्रिटिश राज्याचा प्रजाजन, त्यातून राजकीय गुन्ह्यात शिक्षा भोगलेला, सरकारने बंदी घातलेल्या युद्धात उतरत होता. नाव लपविण्यास कारणे पुरेशी होती. पण परिणाम असा झाला की ज्या यादीत त्यांचे नाव असावयास हवे होते, त्या यादीत ते शोधूनही सापडत नाही. कोरेगावच्या शिपायाने आपली जात नावाच्या शेपटीला बांधून लढावे आणि दगडावर ती कोरली जावी; आणि या शिपायाने जात, धर्म, देश सगळे नावातून काढून टाकावे. दोघांपैकी इतिहासात नाव राहिले ते पहिल्याचे. ज्याने स्वखुशीने पक्ष निवडला त्याच्या वाट्याला नाव आले नाही.

स्पेनच्या युद्धात हिंदी माणसे आणखीही होती. डॉ. मदनमोहनलाल अटल वैद्यकीय सेवेत होते. पुढे १९३८ च्या सप्टेंबरात चीनला गेलेल्या हिंदी वैद्यकीय पथकाचे नेतृत्व त्यांनीच केले. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. जखम बांधणाऱ्याचे स्मरण समाज सहज ठेवतो. बंदूक धरणाऱ्याविषयी त्याच्या मनात किंतु राहतो, आणि बौद्ध वाचकाच्या मनात तर तो राहणारच. आमच्याही मनात आहे. हुद्दार यांच्या हातून गोळी सुटली असेल, समोर कोणी पडलाही असेल, आणि तो कदाचित मोरोक्कोतील एखादा गरीब शेतकरी असेल. हा प्रश्न गुंडाळून ठेवून त्यांचे चरित्र लिहिणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९३८ चा वसंत हा प्रजासत्ताकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ होता. ९ मार्चला फ्रँकोने आरागॉन प्रांतात मोठी चढाई सुरू केली. वरून जर्मन आणि इटालियन विमाने, खाली रणगाडे, आणि आघाडी दर दिवशी काही कोस मागे. पायदळाच्या शिपायासाठी माघार ही चढाईहून अधिक थकविणारी असते, असे आमच्या वर्गातील वृद्ध सैनिक म्हणाले आणि ते पटण्यासारखे आहे. चढाईत पुढे काय आहे एवढेच पाहावयाचे, माघारीत चोहोबाजूंनी पाहावे लागते. ३१ मार्चला पहाटे कालासेइते गावाजवळ ब्रिटिश पलटण रस्त्याने चालली होती. समोरून रणगाडे आले ते आपलेच असावेत असे प्रथम वाटले. ते इटालियन निघाले. काही मिनिटांत पलटण विस्कटली आणि शंभरावर शिपाई कैद झाले. उरलेल्यांनी गांदेसा गावाभोवती एप्रिलच्या पहिल्या दिवसांत शत्रूला थोपवून धरण्याचा प्रयत्न केला आणि मग एब्रो नदीकडे माघार घेतली. पुढे १५ एप्रिलला फ्रँकोचे सैन्य समुद्राला जाऊन भिडले आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले.

गांदेसाच्या या लढाईतच हुद्दार कैद झाले.

त्या काळात पकडलेल्या परदेशी स्वयंसेवकांना पुष्कळदा जागीच गोळ्या घालीत. मात्र याच सुमारास इटालियन कैद्यांच्या बदल्यात देण्यासाठी परदेशी कैदी जिवंत हवेत असा विचार फ्रँकोच्या बाजूने होऊ लागला होता. कैद्यांना बुर्गोस शहराजवळील सान पेद्रो दे कार्देन्या येथे नेण्यात आले. हे स्थान मूळचे ख्रिस्ती भिक्षूंचा प्राचीन मठ होय. स्पेनचा मध्ययुगीन वीर एल सिद याचे दफन तेथे झाले होते. भिक्षू केव्हाच गेले होते आणि रिकाम्या मठाची युद्धकैद्यांची छावणी झाली होती. निवृत्तीसाठी बांधलेल्या वास्तूचा असा उपयोग व्हावा हे वाचताना आम्हांस आपल्याकडील लेणी आठवली. त्यांतही कोणी कोणी काय काय बांधून ठेवले ते आपण जाणतोच.

सान पेद्रोमध्ये अनेक देशांचे शेकडो कैदी दाटीवाटीने कोंबले होते. जमिनीवर निजावयाचे, उवा आणि पिसवा, पाण्याची टंचाई, खाण्यास घेवडा, मसूर आणि पाव. पहारेकऱ्यांच्या हाती काठ्या असत आणि त्या कारणाची वाट पाहत नसत. सकाळ-संध्याकाळ हात उंचावून फॅसिस्ट सलामी द्यावी लागे आणि रविवारी सक्तीने प्रार्थनेस बसावे लागे. ज्यांनी स्वतःच्या बुद्धीने पक्ष निवडला होता त्यांच्याकडून दुसऱ्याची प्रार्थना म्हणवून घेणे, ही शिक्षा काठीपेक्षा कमी नव्हती. आणि तरीही या कैद्यांनी तेथे एक विद्यापीठ चालविले. कोणी गणित शिकवी, कोणी इतिहास, कोणी स्पॅनिश, कोणी जर्मन. बुद्धिबळाची प्यादी त्यांनी पाव आणि साबण यांतून घडविली. ब्रिटिश कैद्यांनी हाताने लिहिलेले एक वृत्तपत्रही काढले. वृत्तपत्रविद्या शिकण्यास लंडनला निघालेला माणूस ज्या छावणीत पोहोचला तेथेही एक वृत्तपत्र निघाले, हा योगायोग आम्ही फक्त नोंदवून ठेवतो.

या छावणीतील एका प्रकाराकडे मात्र आमच्या वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. १९३८ मध्ये वाल्येहो नाहेरा नावाच्या लष्करी मानसोपचारतज्ज्ञाने फ्रँकोच्या संमतीने एक 'शास्त्रीय' अभ्यास हाती घेतला. माणूस समाजवादी किंवा साम्यवादी होतो तो बुद्धिदौर्बल्यामुळे किंवा प्रकृतिदोषामुळे, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्यासाठी सान पेद्रोतील आंतरराष्ट्रीय कैद्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या. जर्मन गुप्त पोलिसांची माणसेही छावणीत आली. त्यांनी कैद्यांच्या कवट्या, नाके, कपाळे मोजली आणि छायाचित्रे काढली. प्रतिकूल मत हा रक्तातील विकार ठरविला की मतावर उत्तर देण्याची गरज उरत नाही.

नाकाची मापे आपल्या समाजाच्या इतिहासाला नवीन नाहीत. जातींचा उगम वंशांत शोधणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात हजारो नाके मोजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात हेच हत्यार उलटे फिरविले. डॉ. घुर्ये यांनी दिलेल्या नाकाच्या मापांचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे त्यांना दोन वेगळे वंश ठरवू देत नाहीत. त्याहून फार पूर्वी वासेट्ठसुत्तात तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना हाच मुद्दा समजावला आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जातिभेदाच्या खुणा शरीरावर दिसतात. माणसाचे डोके, कान, नाक, ओठ यांत तशी खूण नाही. माणसांतील भेद हे केवळ नावाचे आहेत. बुर्गोसच्या मठात मोजपट्टी घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला हे कोणी सांगितले असते, तर सांगणाऱ्याचेच कपाळ मोजले गेले असते.

कैद्यांची अदलाबदल हळूहळू सुरू झाली आणि १९३८ च्या उत्तरार्धात हुद्दार यांची सुटका झाली. 'जॉन स्मिथ' हा नागपूरचा गोपाळ हुद्दार असल्याचे आता उघड झाले होते. लंडनमधील हिंदी लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्याच वर्षाच्या जूनमध्ये नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सेलोनाला जाऊन आले होते, त्यामुळे स्पेनविषयी तेथील हिंदी मंडळींत आस्था होतीच. वर्षअखेरीस हुद्दार मायदेशी परतले. इकडे मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी यांनी एकत्र येऊन संप केला होता आणि बाबासाहेब त्याच्या अग्रभागी होते. हुद्दार परतले ते अशा तापलेल्या वातावरणात.

त्यांच्या पुढील आयुष्याविषयी थोडक्यात. जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचा संबंध एकदम तुटला नाही. १९३९ च्या उन्हाळ्यानंतर सुभाषचंद्र बोस यांच्या वतीने ते डॉ. हेडगेवार यांना देवळाली येथे भेटले. बोस यांना भेट हवी होती. डॉक्टरांनी प्रकृतीचे कारण सांगितले आणि ती भेट झाली नाही. या प्रसंगाची स्वतःची हकीकत हुद्दार यांनी १९७९ साली 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिली. डॉक्टर त्या वेळी भेटण्यास असमर्थ नव्हते असा तिचा रोख आहे. डॉक्टरांच्या चरित्रकारांना ते मान्य नाही, आणि पुढे वर्षभरातच, २१ जून १९४० रोजी, डॉक्टरांचे निधन झाले हे खरे आहे. या वादात निवाडा देण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. १९४० मध्ये हुद्दार साम्यवादी पक्षात गेले आणि कालांतराने तोही पक्ष त्यांनी सोडला.

याचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. एका संघटनेच्या इतिहासात ते नंतर सोडून गेलेले म्हणून अडचणीचे. दुसऱ्या पक्षाच्या इतिहासात ते आधी भलतीकडून आलेले आणि शेवटी निघून गेलेले म्हणून अडचणीचे. चंचलतेचा आरोप अशा माणसावर सहज होतो. आम्हांस तो मान्य नाही. प्रत्येक वेळी त्यांनी जे सोडले ते लाभाचे होते आणि जे धरले ते धोक्याचे होते. चंचल माणूस नेमके याच्या उलट करतो. वयाच्या तिशीपर्यंत जे आचार्यांनी सांगितले ते खरे मानून चाललेला माणूस पस्तिशीत ते तपासून पाहतो आणि त्याची किंमत पायी चालून, उपाशी राहून, काठ्या खाऊन मोजतो. योधाजीव गामणी फसविले गेल्याचे कळल्यावर रडला आणि पुढे उपासक झाला. हुद्दार यांनी पक्ष बदलला, बंदूक टाकली नाही. येथे दोघांचे मार्ग वेगळे होतात आणि ते वेगळे आहेत हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

१९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगाव येथे उभी राहिली. डॉ. बाबासाहेबांनी तरुणांना भरती होण्याचे जे आवाहन केले, त्यामागे फॅसिझमचा विजय म्हणजे आपल्या समाजाच्या मुक्तीची शक्यताच संपणे, हा विचार होता. त्या वेळी अनेक राष्ट्रीय पुढारी या भूमिकेबद्दल त्यांना दूषणे देत होते. त्याच शत्रूविरुद्ध एक नागपूरकर चार वर्षे आधी स्पेनमध्ये लढून आला होता, ही गोष्ट त्या वादात कोणी पुढे आणली असती तर वाद अधिक सकस झाला असता. साम्यवादी पक्षानेही १९४१ च्या अखेरीपर्यंत त्या युद्धाला साम्राज्यशाही युद्धच म्हटले होते. तेव्हा दोष एकाच बाजूचा नाही.

स्पेनने १९९६ साली आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या हयात असलेल्या सैनिकांना नागरिकत्व देऊ केले. हुद्दार तोवर हयात नव्हते. सान पेद्रोच्या मठात १९४२ पासून पुन्हा भिक्षू राहू लागले आहेत.

हे सर्व टिपण पुढच्या पौर्णिमेला आम्ही वर्गात वाचून दाखविले. वृद्ध सैनिक शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, तिकडे शिपायाला पगार कोण देत असे. रोज काही पेसेटा मिळत, प्रजासत्ताक सरकार देई, असे आम्ही सांगितले. दुसरी, घरी पत्र लिहिताना तो खाली सही कोणत्या नावाने करीत असेल.

त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. मग दिवे गेले आणि मंडळी उठली.